गुळगुळीत एल्बो

तुमी म्हणता ना, मी रिफायनरीत नुसता बसून पगार खातो? मंग ऐका.

माझं काम पाइपाची जाडी मोजायचं. जोडीला आपल्या जवळा बाजारचे सलीमभाई, कामात माझ्यापेक्षा लई जुने. मधी कंपनीनं स्वस्तातलं कच्चं तेल घेतलं. त्यात आम्ल जास्त. तापलं की ते लोखंड खातं, अन् पाइप वळतो तिथं तर जास्तच. म्हणून ते दुसऱ्या तेलात मिसळून सोडत, अन् आमी वळणं मोजत.

त्या दिवशी शिडीवर चढून एका एल्बोला, म्हंजे पाइपाच्या वळणाला, मशीन लावली. मागल्या खेपेला आठ मिलिमीटर होतं, आता दोन दाखवून राहिली.

"भाई, मशीन बिघडली," मी म्हनलो.

त्यांनी दुसरी लावली. तिच्यातबी दोनच.

"मशीन बराबर हाय. तू आधी खाली उतर," भाई म्हनले, अन् तिथूनच फोन करून त्यांनी युनिट बंद करायला लावलं.

थंड झाल्यावर एल्बो कापून काढला. मला वाटलं, आत गंज असंल. गंजाचा कण न्हाई! घासलेल्या ताटासारखा गुळगुळीत. सायबानं हातोडीनं हलकंच ठोकलं, तर एका जागी हातोडी आरपार गेली.

सलीमभाई मटकन खाली बसले.

"काहून भाई? वाचलो ना आपण!"

"काल तेल चालू असताना मी यालाच हातोडी मारून पाहिली," ते म्हनले. "आवाज चांगला आला म्हणून निघून गेलतो."