आग्या मोहोळाखालची खोली

...आणि वर कॉलनीतले लोक मलाच म्हणायचे, ‘तुला काय भ्या रं बाबा, तुझ्या तर त्या मैत्रिणी!’ मैत्रिणी? अहो, आग्या मोहोळ होतं ते! साधं पोळं नाही, आग्या मोहोळ! माझ्या खोलीच्या दारावर, छज्ज्याखाली, परातीएवढं लोंबायचं, काळंभोर, आणि मधूनच त्याच्यावरून एक लाट जायची, सर्रर्र... म्हशीच्या अंगावर माशी बसल्यावर कातडी थरथरते ना, तशी. ते बघितलं की माझीही कातडी थरथरायची.

आता तुम्ही विचाराल, मग अशी खोली घेतलीच कशाला? घेतली नाही हो, मिळाली! फरक आहे.

मी सूरज. गाव आष्टी. वडिलांना वाटलं पोरगं लांब गेल्याशिवाय मोठं होत नाही, म्हणून शाळा देहरादूनला. मग जर्मनीत जाऊन पर्यावरण शिकलो, आणि तिथं बर्फात उभं राहून ठरवलं, की आपण परत जायचं, जालन्यातच काम करायचं, आपल्या तलावांसाठी, आपल्या माणसांत! आता माणसांत राहायचं तर खोली पाहिजे. आणि खोली पाहिजे तर आडनाव सांगावं लागतं. हे जर्मनीत कुणी शिकवलं नव्हतं. आईनं नाव सूरज ठेवलं, नावावरून काही अंदाज येत नाही, मग लोक तरी काय करणार, विचारतात. नवीन जालन्यात एका काकांनी चहा दिला, बिस्कीट दिलं, जर्मनीत थंडी किती ते विचारलं, ‘बिलकुल घरच्यासारखं राहायचं बरं का’ म्हणाले, आणि मग, ‘बरं, आडनाव काय आपलं?’ मी म्हणालो, हिवराळे. काकांचा कप तिथंच थांबला. ‘हिवराळे... म्हणजे... एक मिनिट हं, आत विचारून येतो.’ आतून आले ते तोंड पाडून. ‘अहो काय सांगू, आमच्या मेव्हण्यानं कालच शब्द देऊन टाकला कोणाला तरी!’ तुम्हाला सांगतो, जालन्यातले सगळे मेव्हणे एकाच आठवड्यात शब्द देत सुटले होते!

असा फिरत फिरत मी शहराबाहेर आलो, हिरवळ नगरला. नावात हिरवळ, बाकी सगळा मुरूम. पण पुढं तलाव, मागं डोंगर, थंडीत पाहुणे पक्षी, रविवारी शहरातले पाहुणे, हुरडा पार्ट्या. मी म्हटलं, हेच! तेवढ्यात बघतो तर एका घरापुढं गर्दी, एक माणूस हातात पेटता टेंभा घेऊन जिना चढून राह्यलेला, आणि वर मोहोळ! माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. धावत जाऊन जिन्यात आडवा झालो. म्हणालो, थांबा! या नसतील तर तुमची तूर नाही, तुमचं सूर्यफूल नाही, डाळिंब नाही! अर्धा तास बोललो. शेवटी सगळ्यांना हात वर करायला लावून शपथ दिली, ‘मधमाशी आपली मैत्रीण आहे!’ आणि सगळ्यांनी घेतली हो! कॉलनीचे अध्यक्ष ओमप्रकाशभाऊ, बी-बियाण्यांच्या कंपनीतले, त्यांनी तर टेंभा स्वतः विझवला.

मग गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. दुर्गाबाई. घर त्यांचंच. नवऱ्यानं, म्हस्कूबुवांनी, जन्मभर मेंढरं राखली आणि त्यावर हे घर बांधलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘लेकरा, खोली पायजे का तुला? वरची रिकामी हाय.’ मी श्वास धरला. आता विचारणार... आता विचारणार... त्यांनी विचारलं, ‘माश्यांना तरास देणार न्हाईस ना?’ बस! एवढंच! मला तर रडूच आलं. सामान आणायला गेलो तेव्हासुद्धा डोक्यात आलं नाही, की वरची खोली म्हणजे वरचं दार, आणि वरचं दार म्हणजे... मधमाशी आपली मैत्रीण आहे!

त्या दिवसापासून माझं जगणं बघा. दार उघडायचं ते चोराच्या पावलांनी. बाहेर पडायचं ते वाकून. काळा शर्ट घालायचा नाही, अंगाला वास लावायचा नाही, मिरचीची फोडणी नाही, शिंक आली तर उशीत! आणि हे नियम कुणाचे? माझेच, भाषणातले! कॉलनीनं असे मनावर घेतले की विचारू नका. मी जिन्यात जरा खोकलो की खालून ओमप्रकाशभाऊ, ‘सूरजराव, हळू! मैत्रिणी झोपल्यात!’ आईचा आष्टीहून फोन, ‘घर कसं हाय रं? शेजारी कसे?’ मी कुजबुजत, ‘शेजारी खूप आहेत, आई.’ ‘बोलतात का?’ ‘गुणगुणतात.’ ‘मंग सोड की ती खोली!’ सोडू? आणि जाऊ कुठं? परत त्या काकांकडं? परत चहा, परत बिस्कीट, परत मेव्हणा? त्या मेव्हण्याची भीती मोठी की माश्यांची, हे मी रोज पांघरुणात पडून तोलायचो, आणि रोज माश्या हलक्या भरायच्या. मग डोळे मिटून म्हणायचं, मधमाशी आपली मैत्रीण आहे, मधमाशी आपली मैत्रीण आहे...

आणि मग आला तो रविवार. खालच्या रानात हुरड्याची आगटी पेटलेली, गोवऱ्यांचा धूर सरळ तलावाकडं चाललेला, शहरातली मंडळी चटणी चाटत फोटो काढून राह्यलेली, सगळं बराबर. आणि वारा फिरला! धूर वळला, कॉलनीत शिरला, माझ्या जिन्यानं चढायला लागला... मी खिडकीतून बघतोय. मोहोळावरून लाट गेली. दुसरी गेली. आणि मग आवाज बदलला हो! आधी गुणगुण होती, आता ट्रक चढावर चढतो ना, तसा! मी खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला, मच्छरदाणीत शिरलो, आणि तेवढ्यात दारावर थाप! ‘सूरज! ए सूरज! हुरडा आणलाय रं तुला!’

दुर्गाबाई! कधी नव्हे त्या जिना चढून वर आल्या होत्या, वाटीत हुरडा घेऊन, मोहोळाच्या बरोब्बर खाली!

तुम्हाला सांगतो, उघडतानाचं काही आठवत नाही. दार, हात, ओढलं, आपटलं, कडी! दोन-तीन आत आल्याच, दुर्गाबाईंनी चपलेनं... शपथ मोडली, पण मी काही बोललो नाही. आम्ही दोघं मच्छरदाणीत. बाहेर दारावर पाऊस पडावा तशा माश्या आदळतायत, खाली पाहुणे ‘पळा पळा’ करत गाड्यांत घुसतायत, आणि दुर्गाबाईंची नजर गेली समोरच्या भिंतीवर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्या खोलीत पहिल्यांदाच आल्या होत्या ना! फोटोकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत फोटोकडं.

‘सूरज, तुझं आडनाव काय रं?’

संपलं! माश्या विसरलो मी! हजारो आग्या माश्या दाराबाहेर, आणि मी घाबरलोय कुणाला, तर मांडीवर हुरड्याची वाटी धरून बसलेल्या म्हातारीला! म्हणालो, ‘हि... हिवराळे.’

त्या दाणा दाणा तोंडात टाकतायत. मग म्हणाल्या, ‘बरं. पाय आत घे, जाळीच्या भायेर राह्यलाय.’

एवढंच बोलल्या. आता याचा अर्थ काय घ्यायचा? राहा, की जा? ते विचारायची माझी हिंमत नाही.

आणि दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं, तर शांत. वर बघितलं... रिकामं! नुसतं मेणाचं पांढरं पोळं लोंबतंय, माशी एकही नाही! गेल्या! मी जिन्यात नाचलो. ताठ उभा राहून नाचलो! मिरचीची फोडणी टाकली, खच्चून शिंकलो! आणि खाली बघतो तर ओमप्रकाशभाऊ, वर बघून हसतायत. ‘वा! आता ही खोली कोणी पण घेईल!’

माझी शिंक अर्ध्यात अडकली. कोणी पण घेईल... म्हणजे इतके दिवस कोणी घेत नव्हतं म्हणून मी होतो! लगेच अंगणात भाऊंना दुर्गाबाईंशी बोलताना ऐकलं, ‘मावशी, माझा भाचा येऊन राह्यला बदलीवर. आपल्यातलाच माणूस. रविवारी खोली दाखवा, त्या पोराचं बघू कुठंतरी.’ आणि दुर्गाबाई? ‘आण की,’ म्हणाल्या. ओमप्रकाशभाऊंना तोंडावर नाही म्हणायची त्या कॉलनीत कुणाची छाती नाही.

तुम्हाला खोटं वाटेल, मी तलावाकाठी गेलो, डोंगरावर गेलो, झाडाझाडाखाली उभा राहून हाका मारल्या. या! परत या! मी काळा शर्ट फेकून दिलाय! एक आली नाही.

रविवार उजाडला. जिन्यात पावलं. भाऊ, भाचा, भाच्याची बायको, मागं दुर्गाबाई. मी कडी लावून मच्छरदाणीत, गुडघे पोटाशी, दातखीळ बसलेली, आणि सवयीनं मनातल्या मनात म्हणतोय, मधमाशी आपली मैत्रीण आहे, मधमाशी आपली... पण मिटल्या तोंडातून काय निघतंय? म्म्म्म्... मम्म्म्म्...

बाहेर पावलं थांबली. बाईचा आवाज, ‘अहो, आतून काय गुणगुणून राह्यलं?’

आणि मग दुर्गाबाई, अशा ओरडल्या, की तलावावरचे पक्षी उडाले असतील, ‘या बया! गेल्या कुठं, आतच शिरल्या की! माळ्यावर बसल्या वाटतं! पळा गं!’

जिना दणाणला. गाडी सुरू झाली. गेली. मग खिडकीची फळी थोडी सरकली, आणि एक हात आत आला, त्यात गूळ-हळदीची गोळी.

‘घसा जप. पुढच्या रविवारी ओमप्रकाशचा मेव्हणा येणार हाय.’

घेतली गोळी. काय करणार? खोली चांगली आहे, वारा येतो, खिडकीतून तलाव दिसतो. आणि मैत्रिणी नाहीत म्हटल्यावर त्यांचं काम कुणीतरी करायला नको का?