नाही म्हणायचं नाही

…आणि वर म्हणते कशी, "बाबा, बाकी काही जमू दे न जमू दे, फक्त एक लक्षात ठेव. नाही म्हणायचं नाही!" आता तुम्हीच सांगा, हे कुणाला सांगावं? मला? अहो, सव्वीस वर्षं मी इमारतींचे नकाशे तपासतोय, तुम्हाला सांगतो, 'नाही' म्हणण्याचाच पगार घेतो मी! जिना अरुंद? नाही. खिडकी लहान? नाही. लोक मला लांबून बघून रस्ता बदलतात… आणि माझी पोटची पोरगी मला सांगते, नाही म्हणायचं नाही!

कशात म्हणाल, तर खेळात. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट रचणारा तो सूत्रधार. सहा वर्षं, दर रविवारी, आमच्या बाहेरच्या खोलीत ही सूत्रधार! मित्रमैत्रिणी लढणार, मरणार, खिदळणार, आणि ही पुठ्ठ्याच्या आडोशाला बसून सगळ्यांचं निस्तरणार. स्वतः एकदा खेळली नाही. आता नोकरी लागलीय, लांबच्या शहरात, बुधवारची गाडी, आणि मला म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एकदा मला नुसतं खेळायचंय. शेवटच्या रविवारी तू चालव ना." दहावीनंतर पोरीनं माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं हो! गेलं तोंडातून 'हो'. बसलो अडकून.

मग ते नियमांचं पुस्तक. पुस्तक कसलं, फरशी आहे फरशी! म्हटलं, असू दे, नियम म्हणजे आपलं माहेर. उघडलं. पान चाळीसवर म्हणतो, अदृश्य माणूस दिसत नाही… वा, काय शोध लावलास!… आणि पान दोनशे बारावर म्हणतो, सूत्रधाराला वाटलं तर दिसेल. वाटलं तर? नियमात 'वाटलं तर'? असल्या 'वाटलं तर'वर मी इमारती उभ्या राहू दिल्या असत्या ना, तर निम्मं गाव आज ढिगाऱ्याखाली असतं!

तेवढ्यात फोन. तिचा मित्र, लांब्या म्हणतात त्याला. "काका, मी अर्धा अस्वल झालो तर चालेल?" अर्धा म्हणजे? वरचा की खालचा? अगदी ओठावर आलं होतं… पण नाही म्हणायचं नाही! "हो बाळा, हो अस्वल." ठेवतो तर मैत्रिणीचा. दातांची डॉक्टर आहे ती, मागून कुणाचं तरी 'आँ… आँ…' ऐकू येतंय आणि ही शांतपणे, "काका, मला राजकन्या व्हायचंय, पण मेलेली." अगं, मेलेली, तर खेळणार कशी तू? पण आपण कोण विचारणारे!

गुहा काढायला घेतली. ऑफिसात, मधल्या सुट्टीत, पट्टी लावून, मापात. तेवीस दालनं, शेवटच्या दालनात खजिन्यावर पसरलेला ड्रॅगन. तर आमचा जावक कारकून खांद्यावरून डोकावतो, "साहेब, दार तीन फुटी, जनावर चाळीस फुटी. आत शिरलं कसं?" म्हटलं, लहान असताना शिरलं! "मग वाढलं काय खाऊन?" याला काय करायचंय हो? तीन वर्षांत एक पत्र वेळेवर पाठवलं नाही यानं! पण मुद्दा बरोबर होता, तेच तर डोक्यात गेलं! खोडलं, दार रुंद केलं, घरी आलो, तर बायको चष्मा चढवून नकाशावर ओणवी. "अहो, इतकी वर्षं हा आत आहे. जातो कुठे?" "कुठे म्हणजे?" "सकाळी हो!" झालं! ड्रॅगनला संडास! काढला. हवेच्या झरोक्यासकट काढला.

शनिवारी दुपारी बायकोला समोर बसवून तालीम घेतली. "समोर तीन वाटा आहेत. कुठल्या वाटेनं जातेस?" "कुठल्याच नाही. मी इथे दगडावर बसते, गुडघे धरलेत." "अगं, आत खजिना आहे!" "असू दे, तुम्ही जाऊन या." पाऊण तास बसली! फासे आपटले मी, असा आरडाओरडा केला म्हणता… तर ही शांतपणे म्हणते, "पोरगी चालली म्हणून चिडलायत. त्या ड्रॅगनवर कशाला काढताय?" म्हटलं, काहीतरीच तुझं! पण होतं तसंच. तीन आठवडे ज्याच्या त्याच्यावर ओरडत होतो, आणि जिला ओरडून सांगायचं होतं की जाऊ नकोस, तिला तर… नाही म्हणायचं नाही.

उजाडला रविवार. टेबलाशी अर्धं अस्वल, मेलेली राजकन्या आणि आमची कन्या, तलवारबाज म्हणे, पहिल्यांदाच पलीकडच्या खुर्चीत. घसा खाकरला. "समोर गुहा आहे. काय करता?" अस्वल म्हणालं, "घुसू!" आणि ही म्हणते, "थांबा." नकाशा ओढला, बोट फिरवलं. "बाबा, आत आग ओकणारं जनावर आहे ना? मग बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठाय?"

तुम्हाला सांगतो, घाम फुटला! या एका कारणावरून शेकड्यांनी नकाशे परत पाठवलेत मी! संडास काढला आणि हे विसरलो! "मग आत कुणीही जाणार नाही," म्हणून मोकळी. नाही म्हणायचं नाही ते मला, तिला कुठे? तीन तास, अहो तीन तास तिघं दाराबाहेर उभी राहून ड्रॅगनशी हुज्जत घालत होती. ड्रॅगन म्हणजे मीच! मी ओरडतोय, "माझी गुहा, माझी मर्जी!" आणि ही पोट धरधरून हसतेय, डोळ्यांतून पाणी… तेवीस दालनं काढली होती हो मी. एकात पाऊल टाकलं नाही!

शेवटी तिनं माझीच तांबडी पेन्सिल उचलली आणि नकाशावर शेरा मारला: 'त्रुटी दूर करून फेरसादर करावा.' म्हटलं, "फेरसादर कुठे करू? तू तर बुधवारी चाललीस." "तिकडे घेऊन ये." "मग एका खेपेत मंजूर होईल?" तर पेन्सिल कानावर खोचून, हुबेहूब माझ्या आवाजात म्हणते, "सांगता येत नाही. चकरा माराव्या लागतील."

आता काय करता… काढलंय पहिल्या चकरेचं तिकीट.