पुलावरची हजेरी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि संस्थेचे चेअरमन माननीय श्री. नागेंद्र पाटील, मुख्याध्यापिका सौ. अनुराधा देसाई बाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. मारुतीराव गुरव सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या गुरव वहिनी, माझे सहकारी शिक्षक, पालक आणि विद्यार्थी मित्रहो, सर्वांना नमस्कार.

मी ब्राह्मी खोत. या शाळेत वर्षभर संगणक शिकवते आणि शाळेच्या सगळ्या नोंदी संगणकावर भरते. मला आज दोन कामे दिली आहेत. वर्षाचा अहवाल वाचायचा आणि सरांच्या निरोपाचे चार शब्द बोलायचे. आधी अहवाल.

१. शाळा २९ मेला सुरू झाली. आज १० एप्रिलला वर्ष संपते.
२. आठवी, नववी, दहावी मिळून विद्यार्थी ११२.
३. डिसेंबरात स्नेहसंमेलन झाले. वीज गेल्यामुळे नाटकाचा शेवटचा अंक झाला नाही.
४. तालुका खो-खो स्पर्धेत मुलींचा संघ दुसरा आला.
५. प्रयोगशाळेसाठी दोन सूक्ष्मदर्शक मिळाले. दोन्ही चालू आहेत.
६. दहावीचे विद्यार्थी ३८. परीक्षेला बसले ३७. निकाल अजून लागायचा आहे.
७. गणिताचे शिक्षक श्री. गुरव सर एकतीस वर्षांच्या सेवेनंतर या महिनाअखेर निवृत्त होत आहेत.

अहवाल संपला. खो-खोच्या मुलींना टाळ्या मिळाल्या, त्या मिळायलाच हव्या होत्या. सहाव्या ओळीला सभागृह गप्प होते. म्हणजे अडतीस आणि सदतीस यांच्यातला फरक इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना मी तो सांगणार आहे. देसाई बाईंची परवानगी घेतली आहे. सरांची घेतलेली नाही, कारण त्यांनी ती दिली नसती.

गुरव सरांची आणि माझी पहिली भेट इथल्या स्टाफरूममध्ये झाली. त्याआधी मी बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. सुटे भाग मोजायचे, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर बाजूला काढायचा. सरांनी विचारले, "बाई, आधी काय करत होता?" मी सांगितले. सर म्हणाले, "मग हितं जरा अवघड हाय. तिथं नट-बोल्ट होते. हितली पोरं थंडीत आकसत्यात, उन्हात वाढत्यात."

मी म्हटले, "नट-बोल्टही उन्हात वाढतात, सर."

सर इतके हसले की त्यांच्या हातातला चहा हजेरीच्या कॅटलॉगवर सांडला. तो डाग अजून आहे. त्या दिवसापासून सर मला 'मापाच्या बाई' म्हणतात.

आता पुलाविषयी. जांबोटीच्या बाजूच्या वाड्यांवरून तीन मुले दहावीत होती. समर्थ, शामू आणि दिपाली. जुलै-ऑगस्टमध्ये नदीचे पाणी पुलावरून जायला लागले की बस पलीकडेच थांबते. कधी ती निघतच नाही. मग ही मुले शाळेत येऊ शकत नाहीत. निदान मला तसे वाटत होते.

सरांची पद्धत वेगळी होती. पुलावर पाणी आहे असे कळले की सर सकाळी आठला कॅटलॉग खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेत. काखेत गुंडाळी फळा आणि छत्री घेऊन ते पुलाच्या अलीकडच्या काठावर जात. मुले पलीकडच्या काठावर येऊन उभी राहत. पाण्याच्या आवाजात नाव ऐकू जात नाही, म्हणून सर एक बोट दाखवत, दोन दाखवत, तीन दाखवत. ज्याचा नंबर तो हात वर करी. मग सर फळा उलगडून धरत. त्यावर मोठ्या आकड्यांत दोन गणिते लिहिलेली असत. मुले ती उतरवून घेत आणि परत जात. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची उत्तरे पाटीवर लिहून दाखवत. उत्तर चुकले तर सर छत्री मिटवत. बरोबर आले तर छत्री उघडत. तोवर सर भिजलेले असत.

या मुलांची त्या दिवसाची हजेरी सर कॅटलॉगमध्ये पेन्सिलीने मांडत आणि शाळेत आल्यावर पेनने पक्की करत. एकतीस वर्षे असेच चालले होते. कुणी हरकत घेतली नव्हती.

मी घेतली.

ऑगस्टमध्ये मला दोन आकडे जुळेनात. दहावीची हजेरी अडतीस, दुपारच्या जेवणाला पाने पस्तीस. दुसऱ्या दिवशी तेच. जेवण वाढणाऱ्या अक्काताईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "माजी पानं चुकत न्हाईत बाई. पोरं पुलापलीकडं हाईत, ती हितं कशी जेवतील?" मी सरांकडे गेले. सरांनी मला सगळे समजावून सांगितले. आत्ता मी तुम्हाला सांगितले त्यापेक्षा नीट सांगितले. शेवटी म्हणाले, "एकदा चला की पुलावर. तुमीच बघा."

मी म्हटले, "साडेदहाच्या आत मला नोंद भरायची असते, सर. आणि संगणकात पुलासाठी रकाना नाही."

सर म्हणाले, "रकाना न्हाय म्हणून पोरगं न्हाय, असं कसं व्हईल?"

मी संगणकाकडे वळले. तिघांचे पुलावरच्या हजेरीचे नऊ दिवस मी गैरहजर मांडले. नियम होता, माझ्याकडे जेवणाच्या पानांचा पुरावा होता, आणि खरे सांगायचे तर मला माझे काम चोख झाल्याचे समाधान वाटले होते.

समर्थ आणि शामूला त्या नऊ दिवसांनी काही फरक पडला नाही. दिपालीला पडला. सुगीत तिची आई पाय घसरून पडली, हाड मोडले, आणि घरचे सगळे दिपालीवर आले. फेब्रुवारीत परीक्षेला बसणाऱ्यांची यादी निघाली तेव्हा तिचे हजर दिवस होते १५८. एकूण दिवस २१६. परीक्षेला बसायला पंच्याहत्तर टक्के, म्हणजे १६२ दिवस लागतात. चार दिवस कमी पडले. माझे नऊ दिवस धरले असते तर १६७ झाले असते.

हे आकडे मी रोज पाहते. ते बदलत नाहीत.

दुरुस्तीसाठी पाच दिवस होते, सोमवार ते शुक्रवार. मंगळवारी सर तो डागवाला कॅटलॉग घेऊन माझ्यापुढे बसले. प्रत्येक दिवस बोटाने दाखवला. म्हणाले, "मी सही करून देतो. चौकशी झाली तर माज्या नावावर घाला. मला आता दोनच म्हैनं ऱ्हायल्यात." मी म्हटले, मुख्याध्यापिकांचा लेखी आदेश हवा. देसाई बाई प्रशिक्षणाला बेळगावला गेल्या होत्या, त्या शनिवारी आल्या. आदेश त्यांनी उभ्या उभ्या लिहून दिला. पण दुरुस्ती शुक्रवारी चार वाजता बंद झाली होती.

बाईंचा यात दोष नाही. ती दुरुस्ती करण्याचा अधिकार माझ्या लॉगिनला होता. आदेशाची गरज नव्हती. हे मला मंगळवारीही माहीत होते. ऑगस्टमध्ये मी चुकले होते हे मला स्वतःच्या हाताने लिहायचे नव्हते, एवढेच त्याचे कारण आहे.

त्यानंतर सर तीन वेळा शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले. एकदा मी बरोबर होते. सर आधी कानडीत बोलले, मग मराठीत, मग पुन्हा कानडीत. समोरचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी कॅटलॉग शेवटपर्यंत पाहिला, तो बंद करून सरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "डेट मुगीतरी, सर." तारीख संपली. जिना उतरताना सर माझ्यावर रागावतील असे मला वाटले. ते म्हणाले, "जेवून जाऊया का बाई? बस अजून तासानं हाय."

हॉल तिकिटे मी वाटली. यादीत सदतीस नावे होती. दिपालीच्या घरी निरोप पोहोचला आहे अशी माझी समजूत होती. तो पोहोचला नव्हता. ती रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा माझ्यापुढचे टेबल रिकामे होते. ती म्हणाली, "टीचर, माजं खाली पडलंय काय बघा की." आणि मी काही बोलायच्या आत तीच टेबलाखाली वाकून शोधायला लागली.

इथे मी थोडे पाणी पिते.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. मष्णू अण्णा. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "पोरीनं हात वर केलता की न्हाय, एवढं सांगा. मी सवता बघितलोय. तिला पुलापातूर सोडायला मीच आलतो."

मी म्हटले, "केला होता, अण्णा."

"मग?"



मार्चमध्ये परीक्षा चालू असताना मी पहिल्यांदा त्या पुलावर गेले. नदीत पाणी घोट्यापर्यंत होते. मी अंतर मोजले, कारण मला तेवढेच येते. शाळेपासून पूल दोन किलोमीटर आठशे मीटर. पुलापासून दिपालीचे घर सहा किलोमीटर. म्हणजे एक हात वर करायला आणि दोन गणिते उतरवायला ती मुलगी पावसात बारा किलोमीटर चालत होती. आपल्या शाळेच्या फाटकासमोर राहणारी मुले घंटा झाल्यावर घरातून निघतात आणि मी त्यांना हजर मांडते. मग हजर कोण होते? हे मी सभागृहाला विचारत नाही, स्वतःला विचारते आहे.

आता सरांविषयी बोलते. वेळ झाली याची चेअरमन साहेबांनी खूण केली आहे. दोन मिनिटे द्यावीत.

सरांना द्यायचे मानपत्र मीच टाइप केले आहे. त्यात एक ओळ आहे : 'आपण एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडले नाही.' काल सरांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, "बाई, ही ओळ काढा. औंदा खरी न्हाय." मी म्हटले, "सर, तुमच्या बाजूने ती खरी आहे." सर म्हणाले, "बाजू कसली आलीय बाई. बाकावर पोरगी न्हाय." मी ती ओळ काढलेली नाही. मानपत्र तसेच छापले आहे. सरांचे ऐकले नाही अशी माझी ही तिसरी वेळ. या वेळी मी बरोबर आहे.

सर, तुम्ही मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपे गेले असते. शेवटच्या वर्षी शेवटच्या वर्गाचा निरोप तुम्ही सदतीस मुलांकडून घेताय, आणि ते माझ्यामुळे. तुमच्या निवृत्तीला शुभेच्छा देण्याचा अधिकार मला किती आहे ते मला माहीत नाही. तरीही देते. वहिनी, पावसाळ्यात सर सकाळी आठला उठून चपला शोधतील. त्यांना अडवू नका, फक्त छत्री द्या.

काही गोष्टी ठरल्या आहेत, त्या सांगते. पुलावर घेतलेली हजेरी ही शाळेची हजेरी, असा लेखी आदेश देसाई बाईंनी काढला आहे. पावसात पुलावर मी जाणार आहे. त्याला त्याग वगैरे म्हणू नये, येत्या वर्षी पहिले दोन तास मला दिलेले नाहीत. नोंद साडेदहाऐवजी अकराला भरली तरी चालते, हेही मी आता विचारून घेतले आहे. ते मागच्या वर्षी विचारायला हवे होते.

आणि दिपालीचे नाव नव्या वर्षी दहावीत पुन्हा घालता येते. जुलै-ऑगस्ट तिने अक्काताईंकडे राहावे असे अक्काताई स्वतःहून म्हणाल्या आहेत. "माज्या घरात एक पान जास्तच वाढते मी," हे त्यांचे शब्द. दिपाली अठरा मार्चपासून काजूच्या कारखान्यात जाते. समर्थकडून मी तिला निरोप पाठवला होता. तिने उलट निरोप पाठवला, "काजूत बरं हाय म्हणून सांग टीचरला." ती असे का म्हणाली ते मला समजते. दुसऱ्यांदा रांगेत उभे राहून टेबल रिकामे दिसण्यापेक्षा काजू बरेच.

अशा ठिकाणी बोलणाऱ्याने शेवटी बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर सांभाळून घ्या म्हणायचे असते. बोलण्यातले सांभाळून घ्या. नऊ दिवसांचे घेऊ नका. ऐकून घेतल्याबद्दल चेअरमन साहेबांचे, बाईंचे आणि सर्वांचे आभार.

मष्णू अण्णा, तुम्ही मागच्या रांगेत दाराजवळ बसला आहात. सरांनी बोलावले म्हणून आलात, माझ्यासाठी नाही, हे मला माहीत आहे. अर्ज मी भरून ठेवला आहे, त्यावर फक्त तुमची सही आणि दिपालीची सही राहिली आहे. फेरप्रवेशाची यादी सोमवारी, २७ एप्रिलला जाते. म्हणून उत्तर मला शनिवारी, २५ एप्रिलला दुपारी एकपर्यंत हवे. सुट्टी असली तरी मी त्या दिवशी सकाळपासून ऑफिसात आहे. उत्तर दिपालीचे असावे. ते 'नाही' असले तरी कळवा, मी पुन्हा विचारणार नाही. फक्त न कळवता राहू नका.