बाहेरून आलेले तारे

न्हाय न्हाय मॅडम, बसा की — तुम्ही आदितीच्या गाईड, पुण्यासनं आलाय, चहाबिगर कसं जाशीला? पण सूनबाई घरात न्हाय, देवळात गेलीया, सांगितलं न्हवं. आन् शिकणं आम्ही कुठं तोडलं? गडमुडशिंगीत कुणाच्या सुनंला पीएचडी करू देत्यात, सांगा बघू — आम्ही दिली. आमचा जिनेश कागलच्या कारखान्यातनं दमून यायचा, आन् ही आपली लॅपटॉपवर गॅलेक्सीभोवतीचं ठिपकं बघत बसलेली. म्हणं एकेक ठिपका म्हंजे तारकागुच्छ, आत लाखो तारं. असू देत की. त्यानं घर चालतंय व्हय? तरी बोलले न्हाय मी.

एकदा भाकरी थापताना मीच आपुलकीनं इचारलं, मला बी सांग की गं, काय हुडकतीयास. तर म्हणाली, आत्ती, ह्या लंबगोल गॅलेक्सी लई जुन्या, त्यांच्यात नवं तारं जन्माला यायचं जवळजवळ थांबलंय. बारक्या गॅलेक्सी गिळून गिळून मोठ्या झाल्यात. गिळलेल्यांचं गुच्छ अजून कडंकडंनं फिरत्यात, निळसर — आन् घरचं मधी, लालसर. मी म्हटलं, एवढा काळ गेला तरी घरचा रंग लागला न्हाय त्यांना? न्हाय म्हणाली. वर हसली. आता सांगा, कुणाला बोलली ही? जुनी, गिळणारी — आन् ते जन्माला यायचं! लेकरू कधी म्हणून मी इचारायचे, रोज न्हाय, अधनंमधनं — त्याचाच टोमणा की हा. मला कळत न्हाय व्हय? त्याच दिवशी लॅपटॉप कपाटात घातला, किल्ली कमरंला. तुमचं फोन बी मीच कापलं — आता इचारताय म्हणून सांगितलं.

काय? असं का बघताय माझ्याकडं? — म्हंजे हे तुमच्या पुस्तकात हाय? गिळलेलं, निळं, लाल, समदं? तिनं पदरचं न्हाय घातलं? — असं कसं. मग हसली का ती?

मी बरोबर इचारलं म्हणून? मी?

घ्या, चहा निवला तुमचा. व्हय, तिनंच केलाय, कुठलं देऊळ घेऊन बसलाय. डोस्कं उठलंय नुसतं माझं. ह्या पोरीला तोंड न्हाय व्हय? ‘आत्ती, तसं न्हवं’ एवढं म्हणायला काय झालतं हिला? — आदिती, ये गं भाईर. ही किल्ली घे, काढ त्यो लॅपटॉप —

ही बॅग कधी भरलीस तू?