चाकाच्या आधीच्या बाया

तुमच्या उतरंडीतलं मडकं चाकावर उठवलंय का नुसत्या हातानं घडवलंय, हे डोळे मिटून सांगता येईल तुम्हाला? मला येतं. मी कोंडाबाई, कुंभाराची, माहेर बिलोलीकडं, सासर उदगीरच्या खाली. आमच्यात बाईनं चाकाला हात लावायचा न्हाई. माती तुडवायची, थापीनं मडकं चोपायचं, डोक्यावर बाजारात न्यायचं, समदं बाईनं, पण चाक मालकाचं.

तर लातूर जिल्हा नवा झालेला, आन् पाऊस न्हाई. पाणीच न्हाई तर मडकं घेणार कोण? मग आम्ही दुष्काळी कामावर. रस्त्याच्या भरावाला गावाबाहेरची पांढरी खणायला लावली. पांढरी म्हंजे जुन्या वस्तीचं टेकाड, राखेवानी मऊ माती, धाब्याच्या घरांच्या छपरावर टाकायला समदं गाव तिथूनच न्यायचं. पार खाली कुदळ लागली आन् काय सांगू तुम्हाला, करडं खापर निघालं. आतून बोट फिरवलं, चाकाची रेघच न्हाई! नुसत्या बोटांच्या खुणा, बारीक बारीक, माझं बोट त्यात बरोबर बसलं. मी वरडलेच, आत्या, हे बाईनं केलंय, बाईनं! सासू म्हणली, व्हय का, मग तिला म्हणावं ये, टोपलं उचलू लाग.

वरच्या थरात तांबडी खापरं, काळ्या रेघांची, चाकावरची. आन् मधी एका चुलीपाशी दोन्ही संगट, हाताचं मडकं, त्यावर चाकाचं झाकण. मी लई खूश. समदी उचलली, घासून धुतली, हाताची एका टोपल्यात, चाकाची दुसऱ्यात, चुलीतला कोळसा झटकून दिला. कुंभारणीला मळकं खापर बघवत न्हाई.

खापराची खबर लागली तसे नांदेडहून कॉलेजातले इतिहासाचे सर आले. टोपली बघून हरखले, मग डोक्याला हात लावला. मावशी, कुठलं कशाजवळ होतं तेच तर पाहिजे होतं. हाताची मडकी करणारी, दगडी कुऱ्हाडीच्या काळातली ती माणसं, चाक आलं तवा गाव सोडून गेली का तिथंच राहून चाकावर बसली, हे त्या चुलीनं सांगितलं असतं, आन् कवा, ते कोळसा तपासून कळलं असतं. मी म्हणलं, सर, मी डोळ्यानं बघितलंय. ते म्हणले, तुमचं खरं हाय मावशी, पण माझ्या हातात दोन टोपलीच हायेत.

त्या बाया गेल्या का राहिल्या? राहिल्या तर चाकापासून त्यांना बाजूला कुणी सारलं? आन् पुरावा मीच धुतला! पण अर्धी पांढरी उभी होती. दुसऱ्या दिशी सकाळीच तिच्यावर जाऊन बसले. मुकादम म्हणला, ऊठ, हजेरी कापीन. काप म्हणलं. तवर सासू आली, बाजूला बसली, म्हणली, माझी बी काप. मग समद्या बाया बसल्या. भराव शेवटी माळावरच्या मुरमाचा झाला.

आता गावातल्याच गाड्या येतात, धाब्याला माती न्यायला. मी हाय तवर आडवी होईन, पुढं? म्हणून हात जोडून सांगते, तुमची उतरंड भरली राहो, पण तुमच्या गावची पांढरी उकरू नका. खापर दिसलं तर उचलू नका, धुऊ नका. जिथं हाय तिथंच राहू द्या, आन् आधी जाणत्याला बोलवा.