मंदाकाकूंनी वजन उतरवलं त्याची गोष्ट

मंडळी, नाम घेऊन झालं, टाळ खाली ठेवा, आता पाठ जरा ताठ करा अन् पुढं सरकून बसा! मागचे — अहो, खांबाला टेकलेले — तुम्हीसुद्धा! आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय तुमच्यापुढं. एखादी गोष्ट सोडणं अवघड, का सोडलेली गोष्ट परत न धरणं अवघड?

घाई करू नका. तंबाखू सोडलेले कितीतरी बसलेत इथं. एकजण मघाशी मला अभिमानानं सांगत होता, "महाराज, मी सात वेळा सोडली!" अरे बाबा, सात वेळा सोडायची म्हणजे मधे किती वेळा धरलीस?

आणि आपली एकादशी! एकादशी अन् दुप्पट खाशी — ही म्हण काय परक्यांनी केली? आपणच केली, स्वतःला बघून! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, चार वाजता रताळ्याचा कीस, आणि संध्याकाळी कुणी विचारलं तर आवाज बारीक — "उपास आहे हो, अंगात त्राण नाही!" हसू नका, आमचे मृदंगवाले बुवा इकडं बघायलेत. त्यांचं असंय, मांडीवर मृदंग आणि त्याच्यामागं पोट — थाप नक्की कशावर पडते, ते परमेश्वरालाच ठाऊक!

बरं, ऐका आता.

जालना जिल्ह्यातलं अंबड. तिथं एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मंदाकिनीबाई सोळुंके यांची खाणावळ. सगळं गाव त्यांना मंदाकाकू म्हणायचं. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत, आणि हाताला चव अशी, की कंडक्टर एक वेळ बस उशिरा सोडेल पण काकूंची आमटी सोडणार नाही! नवरा दामूअण्णा. गरीब माणूस — म्हणजे बोलण्यानं गरीब! दिवसभरात चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन "बरं, बरं."

काकूंचं वजन होतं शहाण्णव किलो. तुम्ही म्हणाल, खादाड असतील. छे! त्यांना विचारा — "मी कुठं काय खाते? नुसती चव बघते बाई!" पण चव बघायची म्हणजे कशी? आमटी उकळली की वाटीभर. भाजी झाली की पोळीच्या तुकड्याबरोबर. दुपारची गर्दी ओसरली की पातेल्याच्या बुडाशी मसालेभात राहिलेला, चार पोळ्या उरलेल्या, शिऱ्याची खरवड चिकटलेली. ते सगळं कुठं जायचं? काकूंच्या पोटात! कारण काकू बहात्तरच्या दुष्काळातलं लेकरू. त्यांच्या आईनं जमिनीवर सांडलेला दाणा उचलून पोरीच्या तोंडात घातलेला. त्या बाईला उरलेलं अन्न फेकायला सांगा — जमेल? "अन्न टाकू नये गं, पाप लागतं," असं म्हणायच्या आणि घास घ्यायच्या. तोंडानं पुण्य करत होत्या, आणि ते पुण्य कमरेवर साठत होतं!

हे असंच चाललं असतं. पण काकूंचा धाकटा भाऊ जयवंता, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक — त्याचं तोंड सुजायला लागलं, पाय सुजायला लागले. तपासलं, तर दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा शहरात जायचं, रक्त धुवायच्या मशीनच्या नळ्या हाताला लावून चार-चार तास पडून राहायचं. चाळिशीचा माणूस, डोळे खोल गेले, घोटभर पाणी प्यायचं तरी मोजून!

ह्या जयवंताला काकूंनी कडेवर वाढवलेला. आई रोजगार हमीच्या कामावर जायची, आणि ही पोर त्याला झोळीत झोका द्यायची. तिनं एका क्षणाचाही विचार केला नाही. "माझी घ्या," म्हणाली. "दोन आहेत ना? एक त्याला द्या!"

तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, सगळं जुळलं. काकूंनी डॉक्टरांपुढं हात जोडले, "मग कधी?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, किडनी जुळली. पण ह्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याही जिवाला धोका, आणि पुढं एका किडनीवर एवढ्या शरीराचा भार पडणार. वीस किलो उतरवा, मग या."

वीस किलो! मंडळी, तांदळाचं वीस किलोचं पोतं उचलून बघा एकदा. तेवढं अंगातून उतरवायचं! आणि तिकडं भाऊ मशीनवर.

काकूंनी काय केलं असेल? जे आपण सगळे करतो तेच! घरी आल्या, देवापुढं दिवा लावला आणि जाहीर करून टाकलं — "आजपासून अन्न बंद. ताक आणि पाणी!" दामूअण्णा म्हणाले, "बरं." पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी भर जेवणाच्या वेळी काकू पोळ्या लाटता लाटता गपकन खाली! गिऱ्हाईक हातातला घास टाकून धावलं.

शुद्धीवर आल्या तर समोर जयवंता. रागानं लालबुंद. "अक्का, तू मरून मला किडनी देणार का? तसली किडनी नको मला!"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला इस्पितळातल्या आहाराच्या मॅडमकडं नेलं. नाव रेहाना शेख. तिशीतली पोरगी, डोक्यावर ओढणी, डोळ्यांत हसू. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, उपास नाही करायचा. रोज जेवायचं. वेळेवर जेवायचं. फक्त कमी."

"कमी म्हणजे किती?"

"दोन फुलके. वाटी डाळ. वाटी भाजी, तेल चमचाभर. काकडी-टोमॅटो पाहिजे तेवढं. ताक. संध्याकाळीही असंच, आणि सकाळी एक भाकरीचा तुकडा नि उसळ. मधे काही नाही. महिन्याला इथं येऊन रक्त तपासायचं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, एवढं तर माझं चव बघण्यातच जातं!"

"मग चव बघणं बंद करा!"

आता सांगा, खाणावळवालीनं चव बघायची नाही — म्हणजे सोनारानं डोळे बांधून घडवायचं! चव बघायचं काम आलं दामूअण्णांकडं. अण्णांनी आमटी तोंडात घातली. काकूंनी विचारलं, "मीठ?" अण्णा म्हणाले, "बरं आहे." त्या दिवशी अख्ख्या खाणावळीनं अळणी आमटी खाल्ली! दुसऱ्या दिवशी अण्णा "बरं आहे" म्हणाले आणि लोकांनी तांब्यावर तांबे पाणी प्यायलं! शेवटी काकू वासावर स्वयंपाक करायला शिकल्या. फोडणीचा वास आला की कळायचं, पातेल्यावर झुकलं की कळायचं. माणसाचं नाक काही उगीच तोंडाच्या वर दिलेलं नाही देवानं!

पण उरलेलं अन्न? तिथं घोडं पेंड खाऊ लागलं. पहिले काही दिवस पातेल्यातल्या भाताकडं बघून काकूंचा जीव तुटायचा. मग एकदा त्यांनी रेहानाला विचारलंच, "बाई, टाकू कसं? पाप नाही का?"

रेहाना म्हणाली, "आमच्याकडंही अन्न टाकलेलं चालत नाही, काकू. पण भूक नसताना पोटात टाकलं, ते काय वाया गेलं नाही? जास्त शिजवताच कशाला?"

बघा! एवढं सोपं उत्तर! काकूंना आयुष्यभर वाटायचं, कमी पडलं तर? कुणी उपाशी गेलं तर? म्हणून मूठ नेहमी मोठी. त्या दिवसापासून मूठ आवरली. उशिरा आलेल्याला ताजी भाकरी थापून द्यायची, पण चार माणसांचा भात उगाच चढवायचा नाही. आणि एवढं करून उरलंच, तर शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीला. म्हैस खूश, म्हशीचा मालक खूश!

वजन उतरायला लागलं. चोळ्या सैल झाल्या, जिना चढताना धाप कमी झाली. आणि मग — मधेच थांबलं! महिनाभर काटा हलेना. फुलके तेवढेच, डाळ तेवढीच, आणि काटा जागचा हलत नाही! तिकडं जयवंता दिवसेंदिवस काळवंडत चाललेला. होळीचा दिवस होता. घरात पुरण शिजलेलं. काकूंचा धीर सुटला. "मरो मेलं, माझ्यानं होत नाही," म्हणत एक पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, तुपाची धार धरून पाचवी खाल्ली — आणि मग तिथंच चुलीपुढं बसून पदर तोंडाला लावून रडल्या. भावाच्या तोंडचा घास आपण खाल्ला, असं वाटलं त्या माउलीला.

रेहानापुढं मान खाली घालून उभ्या राहिल्या. वाटलं, आता ही बोलणार. ती एवढंच म्हणाली, "पुरण चांगलं झालं होतं का?"

काकू चपापल्या. "झालं होतं."

"मग झालं तर! एक दिवस गेला, काकू. एक दिवसानं कुणी जाड होत नाही नि बारीकही होत नाही. आज दुपारचे दोन फुलके तेवढे चुकवू नका."

मंडळी, आपण पडलो की पडूनच राहतो, बघा. व्रत मोडलं ना, मग आता सगळंच मोडू! अहो, सायकलवरून पडलेला माणूस सायकल विहिरीत टाकतो का? काकू उठल्या. संध्याकाळी चालायला लागल्या, स्टँडपासून देवीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत. अण्णा बरोबर यायचे, न बोलता. काटा पुन्हा हलला. आणि आखाड संपायच्या आत डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता चालेल!"

ऑपरेशन झालं. काकूंची किडनी जयवंताच्या पोटात गेली आणि तिनं काम सुरू केलं. त्याच्या बायकोनं येऊन सांगितलं, "वन्सं, त्यांना लघवी झाली हो!" — आणि दोघी नणंद-भावजया गळ्यात गळा घालून हसल्या, रडल्या. आनंद कुठल्या गोष्टीचा होईल, काही सांगता येतं का?

आता कुणी म्हणेल, महाराज, गोष्ट संपली. आरती करा! थांबा. आपला प्रश्न काय होता? सोडणं अवघड, का परत न धरणं?

काकू घरी आल्या आणि गाव लोटलं. कुणी डिंकाचे लाडू आणले, कुणी साजूक तुपातला शिरा. "केवढी वाळली गं! अंग भरून यायला पाहिजे!" प्रेमानं आणलेलं, नाही कसं म्हणायचं? काकू परत खाणावळीत उभ्या राहिल्या. आधी एक वाटी चाखली. मग पातेल्याच्या बुडाचा एक घास. डॉक्टरांनी बजावलेलं — आता एकच आहे, वजन वाढू देऊ नका. पण काकूंच्या मनानं धरलं, भाऊ वाचला ना? मग आता कशासाठी? कुणासाठी? मंडळी, निमित्त संपलं की नेम संपतो! दिवाळीपर्यंत सहा किलो परत आलेले.

भाऊबीजेला जयवंता आला. गालावर रंग, हातात पेढे. दुपार टळलेली, गिऱ्हाईक गेलेलं. आत डोकावून बघतो तर अक्का मोरीपाशी उभी. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातानं बुडाचा भात खरवडून तोंडात घालतेय, भरभर, भिंतीकडं तोंड करून.

तो रागावला नाही. मग म्हणाला, "अक्का, मला आठवत नाही, मी तुला कधी बसून जेवताना बघितलंय."

काकूंनी घाईनं पदरानं तोंड पुसलं.

"लहानपणी मला भरवायचीस आणि ताट पुसून खायचीस. लग्न झाल्यावर सगळ्यांच्या मागून. आता हे पातेलं. तुझं स्वतःचं ताट कुठंय गं?"

काकू बोलायला गेल्या, "मला काय, मी कशीपण —"

जयवंतानं हातातलं पातेलं काढून घेतलं. गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर फडकं मारलं, ताट मांडलं. दोन पोळ्या, वाटीत डाळ, मेथीची भाजी, काकडी. "बस," म्हणाला. काकू अवघडून बसल्या, परक्या घरी आल्यासारख्या. तो समोर बसला. "ते वजन तू माझ्यासाठी उतरवलंस. तुझी एक किडनी माझ्यात आहे, ती मी जिवापाड सांभाळतो. दुसरी तुझ्यात आहे, ती कुणाची आहे? तिला कोण सांभाळणार?"

काकू त्या दिवशी स्वतःच्या ताटातून, सावकाश, चावून जेवल्या. मेथी जरा कडवट झालीय, हे त्यांना कळलं. काकडी गोड आहे, हेही कळलं. पोट कधी भरलं, तेही कळलं — आयुष्यात पहिल्यांदा!

तेव्हापासून आजतागायत, गर्दी सुरू व्हायच्या आधी काकू आणि अण्णा समोरासमोर बसतात. कुणीही येऊ दे, "थांबा, आमचं जेवण चाललंय!" आलेले सहा किलो हळूहळू गेले, आणि कितीतरी दिवाळ्या झाल्या, परत आले नाहीत. सणाला पुरणाची एक पोळी खातात, मजेत खातात. परवा परवा तर अण्णा पाचवं वाक्य बोलले — "मंदे, आज डाळ फक्कड झालीय!"

तर मंडळी, दुसऱ्यासाठी सोडता येतं. जीव लावला की माणूस काहीही सोडतो. पण सोडलेलं टिकवायचं, तर स्वतःच्या देहालाही देवानं दिलेली ठेव मानावं लागतं. भावाला वाढतो त्याच मायेनं स्वतःला वाढावं लागतं — थोडं, वेळेवर, मानानं. हे मानलं नाही, तर सात वेळा सोडाल आणि आठ वेळा धराल!

आता मला सांगा, तुमच्या घरातली बाई कुठं जेवते? ओट्यापाशी उभी? सगळ्यांच्या मागून? पोरांनी टाकलेलं पुसून? का माना खाली गेल्या?

मागं मांडवात महाप्रसाद तयार आहे. आज इथला नेम असा — पहिल्या पंगतीला बायाबापड्या बसतील. सगळ्या! सूनबाई, तुम्हीपण, ते पोर द्या त्याच्या आजोबांकडं. आणि वाढायला पुरुष उठतील. हात आखडून वाढायचं, मागितलं तर पुन्हा वाढायचं, आणि "घ्या हो, घ्या हो" म्हणून गळ्यात मारायचं नाही!

देवाचं नाव घ्या, एकदा मोठ्यानं घ्या — आणि हं, सरपंच, बघताय काय? सोडा ते उपरणं, कमरेला बांधा, आणि भाताचं घमेलं उचला!