चार दिवस मेंढरं कोण राखणार

जबाब

मी, रायभान मैनाजी भोजने, वय आधार कार्डाप्रमाणे ६२ वर्षे, धंदा मेंढपालन, शिक्षण नाही, राहणार वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना.

आज रविवारी ठाण्यात समोर बसून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील गावी पत्नी साखराबाई हिच्यासह राहतो. मला दोन अपत्ये. मोठी मुलगी शिवकन्या, वय २७, तिला जाफराबादकडे दिलेली आहे. लहान मुलगा ओमप्रकाश, वय २४, हा दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. काल दिवस कलता गावाजवळ महामार्गावर ट्रकची धडक बसून शिवकन्या मरण पावली. कागदावर तिला ‘मयत’ लिहावे लागते असे हवालदार साहेबांनी सांगितले. त्यांनी तसे लिहावे. मी शिवकन्याच म्हणणार. मला वाचता येत नाही, म्हणून मी सांगेन त्यातले काही गाळू नये अशी मी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली आहे.

हे सर्व दुबईला जाण्यावरून झाले, म्हणून तिथूनच सांगतो.

ओमप्रकाश आधी अंकुशनगरला कारखान्याजवळच्या एका दुकानात वायरिंगचे काम शिकला. तीन वर्षांपूर्वी तो दुबईला गेला, तो अजून परत आलेला नाही. यंदा दिवाळीत त्याने फोन करून सांगितले की, माय आणि आबांना चार दिवस दुबई दाखवायची, तिकिटे मी काढतो, मालकाकडे सुट्टी मागून ठेवली आहे. आम्ही दोघांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेले. मला तर मेंढ्यांमागे जेवढा चाललो तेवढाच मुलूख माहीत. पासपोर्टच्या चौकशीसाठी आम्हाला याच ठाण्यात बोलावले होते. त्या वेळी साहेबांनी चहा पाजला आणि “काय मामा, आता उंटं राखायला चालले का?” असे विचारले. सगळे हसले. मीही हसलो.

साखराबाईने चार दिवस आपल्या मनाने वाटून टाकले. पहिल्या दिवशी समुद्र, कारण तिने समुद्र पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी जगातली सगळ्यात उंच इमारत. तिसऱ्या दिवशी बाजार. चौथ्या दिवशी ओमप्रकाश जिथे झोपतो ती खोली. ओमप्रकाश म्हणाला, “माय, तिथं काय बघायचंय? एका खोलीत आठ जण राह्यतो आम्ही.” ती म्हणाली, “मंग आठही जणांचे धपाटे आणते.” विमानात सामान मोजून घेतात असे कळल्यावर तिने बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर नेली. वजन जास्त भरले तर माझे घोंगडे बाहेर काढून टाकले. ओमप्रकाशने बूट घालून यायला सांगितले होते. तिने ते आणले, आणि अंधार पडला की विहिरीपर्यंत घालून चालायची, लोकांनी पाहू नये म्हणून. हे लिहायची गरज नाही असे साहेब म्हणतात. पण तिला किती हौस होती हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मी मात्र एकच विचारत होतो, की चार दिवस मेंढ्या कोण राखणार. आमच्या घरात दुसरे माणूस नाही. मेंढ्या माझ्या आवाजावर चालतात. पुढे काळतोंडी नावाची म्हातारी मेंढी असते, ती माझ्याकडे बघते आणि बाकीच्या तिच्याकडे बघतात. सोयऱ्यांच्या लग्नालाही मी अक्षता टाकून दिवस मावळायच्या आत परत येत असे. साखराबाई म्हणायची, “तुमचं लगीन मेंढरांसंगंच लावायला पाहिजे होतं.” ओमप्रकाशला विचारले तर तो म्हणाला, “विकून टाका ना आबा. किती दिवस त्यांच्यामागं हिंडणार?” मला राग आला. मी फोन साखराबाईच्या हातात दिला आणि बरेच दिवस त्याच्याशी बोललो नाही. जायचे नाही असे मी घरात सांगून टाकले. साखराबाईने बूट घालून चालणे बंद केले.

हे तिने शिवकन्येला कळवले असावे. मागच्या आठवड्यात शिवकन्या जाफराबादहून एसटीने आली. येताच म्हणाली, “मी राखते मेंढरं. चार दिवसांचा तर सवाल हाय. मायला समुद्र बघू द्या.” लहानपणी ती माझ्यामागे रानात हिंडलेली आहे, पण लग्नानंतर सवय राहिलेली नव्हती. मी म्हणालो, तुझं ऐकायची न्हाईत. ती म्हणाली, “मंग ऐकायला शिकवू. बेस्तरवारपर्यंत वेळ हाय ना?” गुरुवारी आमचे विमान होते. तिच्यापुढे मला नाही म्हणता आले नाही. लहानपणापासून कधीच आले नाही.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो, तर मेंढ्या तिच्याकडे ढुंकूनही बघेनात. दुसऱ्या दिवशी मी घरी थांबलो, तर त्या वाडग्यातून, म्हणजे काट्यांच्या कुंपणातून, बाहेरच पडेनात. तेव्हा साखराबाईने माझे घोंगडे तिच्या खांद्यावर टाकले आणि हातात माझी काठी दिली. काळतोंडीने घोंगड्याचा वास घेतला आणि तिच्यामागे निघाली. शिवकन्या हसून म्हणाली, “माय, मी आबा झाले बघ.” साखराबाई पण पुष्कळ हसली. त्या दिवशी मी मनाशी ठरवले की जायचे.

राहिला होता तो फक्त रस्ता. चरायचे रान महामार्गाच्या पलीकडे आहे, पाणी आणि वाडगे अलीकडे. दुभाजकाला जिथे कट ठेवलेला आहे तिथून कळप आणावा लागतो. शुक्रवारपर्यंत रस्त्यावर मीच जात होतो. शनिवारी तिने एकटीने आणायचे ठरले. ती जाताना म्हणाली, “आबा, तुम्ही घरी बसा. तुम्ही दिसले तर माझं बिलकुल ऐकायची न्हाईत.” मी हो म्हणालो.

मी घरी बसलो नाही. रस्त्याच्या अलीकडे द्वारकाबाईंचे चहाचे हॉटेल आहे, तिथे जाऊन बाकड्यावर बसलो. रस्त्याकडे पाठ केली आणि तोंडाला उपरणे गुंडाळले. का गेलात असे साहेबांनी विचारले. पोरगी एकटी रस्त्यावर होती, म्हणून गेलो. वेळ किती होती ते मला सांगता येणार नाही. मेंढ्या पाण्याला निघायची वेळ होती. साहेबांनी अंदाजे साडेचार लिहावे.

द्वारकाबाई आत चहा गाळत होत्या. त्या वेळी ओमप्रकाशचा फोन आला, तोंड दिसते तसला. तो त्या उंच इमारतीच्या पायथ्याशी उभा होता. म्हणाला, “आबा, हे बघा. शुक्रवारी आपण इथं उभं राह्यचं.” त्याने फोन वर केला, तरी इमारतीचे टोक दिसत नव्हते. मग त्याने विचारले, “आक्का कुठंय? मेंढरं ऐकून राह्यली का तिचं? दाखवा ना जरा.” मी तोंडावरचे उपरणे काढले, उठलो, रस्त्याकडे वळलो आणि फोन वर धरला. मला फोनवर हळू बोलता येत नाही, एवढ्या लांबच्या माणसाशी तर नाहीच. मी म्हणालो, “ह्या बघ, बराबर थांबल्यात.”

त्या खरोखरच थांबल्या होत्या. शिवकन्या त्यांच्यापुढे काठी आडवी धरून उभी होती आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होती. तिने सगळे बरोबर केले होते. काळतोंडीने मान वर केली, मला पाहिले आणि काठीखालून निघाली. तिच्यामागे सगळ्या निघाल्या. शिवकन्या त्यांच्या पुढे धावली आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी राहिली. तिचे तोंड मेंढ्यांकडे होते. ट्रक बीडकडून आला. तिच्या अंगावर माझे घोंगडे होते.

फोन माझ्या हातातच होता. तो मी छातीशी धरला होता, कधी धरला ते आठवत नाही. त्यातून ओमप्रकाश बोलत होता, “आबा, काळं दिसून राह्यलं. हात काढा ना.” मी फोन बंद केला.

ट्रकचालकाबद्दल विचारले असता सांगतो की, तो पळून गेला नाही. त्याने ब्रेक मारल्याचा आवाज मी ऐकला. खाली उतरून त्यानेच तिला माझ्यासोबत उचलले. नंतर जमलेल्या लोकांनी त्याला मारले, मला ते थांबवता आले नाही. सहा मेंढ्या जागीच मेल्या. काळतोंडीला काही झाले नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. अंबडला दवाखान्यात डॉक्टरांनी शिवकन्या संपल्याचे सांगितले. जावई रात्री आले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “आबा, ट्रक भरधाव होता एवढंच सांगा.” त्यांचे दुःख मला कळते. पण ट्रक त्याच्या रस्त्याने येत होता. तो पोरगा आत कोठडीत बसलेला आहे, मी येताना मला दिसला. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मेंढ्या मला बघून आल्या.

साखराबाईचा जबाब आज घेऊ नये. ती कालपासून कोणाशी बोललेली नाही. समुद्राचे नाव पहिल्यांदा तिनेच काढले, हे ती कधी विसरेल असे मला वाटत नाही. मेंढ्या वाडग्यात कोंडलेल्या आहेत, त्यांना पाण्यावर नेणारे कोणी नाही. मला त्यांच्याकडे बघवत नाही आणि त्यांचे ओरडणे ऐकवत नाही. जगण्यात काही राम राहिला आहे असे वाटत नाही. हे साहेबांनी विचारलेले नव्हते, मीच सांगितले.

ओमप्रकाशने रात्री पुन्हा पुन्हा फोन केला. शेवटी शेजाऱ्यांनी उचलून त्याला सांगितले की आक्का रस्ता ओलांडताना गेली. एवढेच त्याला माहीत आहे. आमचा फोन कधी बंद झाला आणि का झाला, हे त्याने अजून कोणाला विचारलेले नाही. तो आज मुंबईला उतरून गाडीने निघालेला आहे. आम्हाला दुबई दाखवायला त्याने जी चार दिवसांची सुट्टी मागून ठेवली होती, तीच मालकाने त्याला अलीकडे ओढून दिली. शिवकन्येची माती त्याच्यासाठी थांबवलेली आहे.

वरीलप्रमाणे जबाब संगणकावर लिहून साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना, ओमप्रकाशने मेंढ्या दाखवा असे म्हटल्यावरून मी उठलो, ही ओळ आली तेव्हा मी त्यांना थांबवले. मी विचारले की हा कागद पुढे कोणाला मिळतो. साहेबांनी सांगितले की नातेवाइकांनी मागितला तर त्यांना नक्कल मिळू शकते. ती ओळ काढावी असे मी सांगितले. साहेब म्हणाले, मामा, एकदा सांगितलेलं असं काढता येत न्हाई. मी त्यांना सांगितले की मला वाचता येत नाही, पण ओमप्रकाशला येते. तो कागद मागितल्याशिवाय राहणार नाही. माझी एक लेक गेली. त्याच्या एका बोलण्यावरून बहीण गेली, हे घेऊन त्याने दुबईत त्या आठ जणांच्या खोलीत कसे झोपायचे? मला उरलेले लेकरू घालवायचे नाही. काढता येत नसेल तर खाली वेगळे लिहा, नाहीतर मी अंगठा देणार नाही.

त्यावरून माझ्या सांगण्याप्रमाणे पुढील मजकूर लिहिण्यात आला. ओमप्रकाशचा फोन आला तेव्हा मेंढ्या रानातच होत्या. फोनवर आमचे फक्त दुबईचे बोलणे झाले. फोन बंद झाल्यानंतर बराच वेळ मी बसून होतो. नंतर मी माझ्या मनाने उठलो आणि माझ्या मनाने मेंढ्यांना हाक मारली. त्या वेळी मी कोणाशीही बोलत नव्हतो.

हे खरे आहे का, असे साहेबांनी मला दोनदा विचारले. हा मजकूर मला पुन्हा वाचून दाखवला. तो खरा आहे.

(डाव्या हाताचा अंगठा)
रायभान मैनाजी भोजने